लावा की दुर्लाव

हुशारला साप चावून झाला होता, वीज शेजारच्या खांबावर कोसळून झाली होती, एकदा तर उतरणाऱ्या विमानाचं चाक डोक्यावरून हातभर अंतराने निघून गेलं होतं. यातल्या कशालाही तो घाबरला नव्हता. तो घाबरला एका किटलीला.

किटली लेकीने आणलेली, पाणी उकळलं की शिट्टी मारणारी. त्या संध्याकाळी शेगडीपासून चार पावलांवर खुर्ची टाकून तो बुटांना पॉलिश करत बसला होता. एवढ्यात बायको मागच्या दारातून पळत आली आणि तिने खटकन गॅस बंद केला.

"अहो, केव्हाची कोकलतेय ही! पार फाटकापर्यंत ऐकू येतंय. तुम्ही काय कान काढून खुंटीला टांगलेत?"

"लक्ष नव्हतं गं," तो म्हणाला.

पण लक्ष होतं. किटलीच्या तोंडातून निघणारी वाफ तो मघापासून बघत होता आणि मनाशी म्हणत होता, शिट्टी झाली की उठू.

बुटात हात तसाच ठेवून तो बसून राहिला. कारण त्याच दुपारी त्याने आपल्या कानांच्या भरवशावर एक उत्तर दिलं होतं. ते उत्तर कागदावर चढलं होतं. आणि त्या कागदाच्या भरवशावर उद्या सकाळी पावणेसातला एक विमान उतरणार होतं, ज्यात त्याची एकुलती एक लेक बसलेली असणार होती.

विमानतळ म्हणायला जीभ रेटू नये असा तो तळ होता. एक धावपट्टी, दोन्ही अंगांना नजर थकेपर्यंत पसरलेलं पिवळं खुरटं गवत, पत्र्याचं गोदाम, चार खोल्यांची कचेरी आणि तिच्या डोक्यावर कुणीतरी चुकून विसरून गेलेल्या टोपीसारखा काचेचा टॉवर. सकाळी रुग्णांना न्यायला येणारं छोटं विमान, दुपारी टपालाचं, बस्स. बाकी दिवसभर वारा आणि पाखरं.

पाखरं हाकलणं हे त्याचं काम. सत्ताविसाव्या वर्षी गवत कापायला म्हणून तो इथे लागला होता. पहिल्याच आठवड्यात विळा हातात धरून, डोळे मिटून उभा असलेला साहेबाला दिसला. "झोपलास काय रे?" साहेब ओरडला. "नाही साहेब. तीन चंडोल आहेत. दोन खरे आणि एक नक्कल करणारा," तो म्हणाला. साहेबाने दुर्बीण लावून मोजले. तीनच होते. त्या दिवशी विळा सुटला आणि हातात जीपची किल्ली आली. गेली एकतीस वर्षं प्रत्येक विमानाआधी तो पट्टीवरून जीप नेत होता, कान बाहेर काढून. दिवसभर हुश-हुश करतो म्हणून टॉवरवाल्याने त्याचं नाव पाडलं हुशार. ते इतकं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचताना कारकून दोनदा अडखळायचा.

टॉवरवाला त्याच्याच बरोबरीचा. दोघांची गाठ रोज पडायची ती रेडिओवर. पट्टी फिरून झाली की हुशार रेडिओ तोंडाशी धरून एकच शब्द म्हणायचा: "लावा." की टॉवरवाला खटका दाबायचा आणि पट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे फटाफट लागायचे. तिथली सकाळ धुळीने मळलेली; वरून पायलटला पट्टी नीटशी दिसायची नाही, दिवे मात्र दिसायचे. दिवे लागले म्हणजे पट्टी मोकळी, या बाळांनो खाली. दिवे नाहीत म्हणजे वरच घिरट्या घाला. एकतीस वर्षांचा हा परिपाठ. पडदा वर घेण्यासाठी विंगेतून बोट हलावं, तसा तो एक शब्द.

बायको तळावरचीच म्हणायची. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती मोठी नारिंगी कापडी पिशवी दर चार-सहा महिन्यांनी फाटते. ती शिवणारी बाई म्हणून ती आली आणि पाखरंवाल्याच्या घरातच राहिली. त्यांची पोर त्या गवताच्या कडेनेच वाढली. शाळेतून येताना फाटकापाशी उभी राहून दोन बोटं तोंडात घालून ती अशी शीळ घालायची की हुशार पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला असला तरी मान वळवायचा. पुढे ती परिचारिका झाली आणि नेमकी त्या रुग्णांच्या विमानावरच लागली. पायरीवरून उतरताना, अंगात पांढरा कोट, गळ्यात नळी, तरी आधी दोन बोटं तोंडात. कचेरीतले सगळे हसायचे. दोनेक वर्षांपासून मात्र तिने शीळ घालणं सोडलं होतं. मोठी झाली, जबाबदारीची झाली, असं म्हणून हुशारने मनाची समजूत घातली होती.

मागच्या आठवड्यात त्या विमानाच्या पंखावर काहीतरी आदळलं. बाईसाहेब, म्हणजे नव्याने आलेल्या अधिकारी, जेमतेम तिशीच्या, स्वतः पट्टीवर आल्या. सापडलं ते एवढंच: तपकिरी, बारीक पट्ट्यापट्ट्यांचा अर्धा पंख. पाय नाहीत, डोकं नाही.

"काका, हा कोण?" त्यांनी चित्रांचं पुस्तक जीपच्या टपावर उघडलं. "मला तर ही दोन्ही चित्रं जुळ्या भावांसारखी दिसतात."

"एक लावा आहे, एक दुर्लाव," हुशार म्हणाला. "भाऊ सोडा, लांबचे पाहुणेसुद्धा नाहीत ते. दिसतात सारखे. मुठीएवढे, मातीच्या रंगाचे, जमिनीवरच राहणारे. पण लाव्यांचा थवा असतो. पंधरा-वीस जण गवतात एकमेकांना खेटून बसतात, शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाहीत आणि मग पायाखालून सुरुंग फुटल्यासारखे सगळे एकदम उडतात. दुर्लाव एकटा-दुकटा. त्याला उडायचा कंटाळा, तो पळत सुटतो."

"म्हणजे दुर्लाव असेल तर ठीक. आणि लावा असेल तर?"

"तर पूर्वेचं टोक बंद करा. विमानाच्या तोंडात वीस लावे गेले तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. बाईंनाही ते पुरं ऐकायचं नव्हतं.

टॉवरवाला वरून उतरून आला होता. तो म्हणाला, "पाखराचं नावच लावा? म्हणजे एकतीस वर्षं हा मला रोज सकाळी पाखराचं नाव सांगतोय आणि मी खुळ्यासारखा दिवे लावतोय!" सगळे खळखळून हसले. हुशारही हसला.

"ओळखायचं कसं?" बाईंनी विचारलं.

"आवाजावरून. लावा बारीक शीळ घालतो. दुर्लावाची मादी घुमते, लांबून मोटारसायकल यावी तशी. मी ऐकून सांगतो."

तीन संध्याकाळी तो पूर्वेच्या टोकाला जाऊन बसला. घुमणं ऐकू आलं. छातीच्या फळीवर कुणी बोटांनी हलकेच वाजवावं तसं, खोल, हूम हूम हूम. शीळ एकदाही आली नाही. आणि आज दुपारी बाईंच्या टेबलासमोर उभं राहून त्याने छातीठोकपणे सांगितलं, "दुर्लाव." बाईंनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पूर्वेचं टोक चालू.

आणि आता ही किटली.

शीळ आली नाही, की मला आली नाही? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि गरगरत राहिला. मग एकेक गोष्ट मागून येऊन खांद्यावर हात ठेवायला लागली. घड्याळाची टिकटिक हल्ली ऐकू येत नव्हती. त्याला वाटलं होतं, नवी घड्याळं मुकीच असतात. चंडोल कमी झाले होते. त्याने तसा अहवालसुद्धा दिला होता. चंडोल कमी झाले होते, की...

"अगं," तो बायकोला म्हणाला, "तुझी पिठाची चाळणी कुठाय?"

"कशाला?"

"माती चाळायचीय."

"माझ्या पिठाच्या चाळणीने? वेड लागलंय का?" पण बोलता बोलता तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चाळणी काढून दिली. मग हळूच म्हणाली, "त्यापेक्षा बाईंना सांगून का टाकत नाही, की ऐकू येत नाही म्हणून?"

"काय?"

"हे बघा! हे तरी ऐकू आलं का?"

"आलं." तो चाळणी उलटीसुलटी करत राहिला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मी तुमच्या पाठीमागे उभी राहून काय काय बोलून घेतलंय, ते तुम्हाला कळलं असतं तर आपला संसार एवढा सुखाचा झाला नसता."

एरवी तो यावर पोट धरून हसला असता. आज नाही. बाईंना आत्ता जाऊन सांगितलं, की उत्तर कच्चं होतं, तर त्या विचारणार, का? आणि त्या एका 'का'च्या मागोमाग कानांची तपासणी, रेडिओ काढून घेणं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जीपची किल्ली. ऐकणारा माणूस ही त्याची एकच ओळख होती. ती गेली तर उरतं काय? गवत कापणारा म्हातारा. आणि रात्रभरात काही बिघडणार नव्हतं. विमान पावणेसातला. पाखरं बोलली तरी आपल्याला ऐकू येणार नाहीत, पण चालतील तर खरी! लाव्याच्या पायाला चार बोटं, तीन पुढे आणि एक बारकं मागे. दुर्लावाला तीनच, मागे काही नाही. सकाळी सहाला जाऊ, ठसे बघू. लावा निघाला तर तेव्हाच थांबवू. कुणाला 'का' सांगायची वेळच यायची नाही.

उजेड होता तोवर त्याने पूर्वेच्या टोकाला गवताच्या कडेने सात जागी माती चाळून अंथरली, ताटाएवढी, गुळगुळीत.

सकाळी सहाला तो गुडघ्यांवर होता. वारा पडला होता, धूळ मात्र हवेत तरंगत होती, पिठाच्या गिरणीत असते तशी. पहिलं ताट कोरं. दुसऱ्यावर ठसे. तो इतका वाकला की नाक मातीला टेकलं. तीन बोटं. मागे काही नाही. तिसऱ्यावर तीन बोटं. त्याच वेळी छातीत ते घुमणंही आलं, हूम हूम हूम. त्याचे डोळे भरून आले. आहेस बाई, आहेस तू! चौथ्यावर काही नाही. पाचव्यावर तीन. त्याने श्वास सोडला, उभं राहून पाठ सरळ केली, आणि उरलेली दोन ताटं न बघताच तो जीपकडे चार पावलं गेलासुद्धा. मग थबकला. एकतीस वर्षांत पट्टीचा शेवटचा तुकडा त्याने कधी सोडला नव्हता.

सहावं ताट ताट राहिलंच नव्हतं. पाखरांनी त्यात मनसोक्त अंघोळ केली होती, माती उधळली होती, आणि कडेकडेने ठशांची नुसती गर्दी. तीन बोटं पुढे. आणि मागे, सुईच्या टोकाने टोचावं तसा एक ठिपका. प्रत्येक ठशामागे.

दोन्ही होते. दुर्लावही होता आणि लावेही होते. घुमणारी ऐकू आली म्हणून शीळ घालणारे नाहीतच, असं तो धरून चालला होता. आणि ते इथेच होते, या गवतात, एकमेकांना खेटून, त्याच्यापासून कदाचित दहा पावलांवर. कदाचित आत्ता बोलतही असतील. सगळ्या माळभर त्यांच्या शिळा चालल्या असतील, आणि तो मध्ये बहिऱ्या खांबासारखा उभा.

त्याने घड्याळ पाहिलं. सहा एकतीस. पूर्वेकडे आभाळात, धुळीच्या वर, एक ठिपका चमकला. विमान आज लवकर आलं होतं.

रेडिओ त्याने इतक्या घाईने तोंडाशी नेला की तो दातांवर आपटला. डोक्यात एकच गोष्ट होती आणि तोंडातून तीच बाहेर पडली.

"लावा!" तो ओरडला. "लावा! अरे लावा!"

रेडिओत काहीतरी किरकिरलं. बारीक, पातळ आवाज, जसा त्याला हल्ली नेहमीच यायचा. शब्द नव्हेत, शब्दांचं नुसतं खरखरणं. एरवी तो अंदाजाने "हो" म्हणायचा आणि जमून जायचं, कारण टॉवरवाला रोज तेच विचारायचा, 'दिवे लावू ना?' त्याने सवयीने बटण दाबलं.

"हो! हो!"

आणि दिवे लागले.

एकामागून एक, दोन्ही कडांनी, त्याच्या पायापासून पार क्षितिजापर्यंत, फटाफट फटाफट. सगळं आयुष्य ज्या दिव्यांच्या उजेडात गेलं, ते दिवे बघून त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. कळायला एक क्षण गेला. मग कळलं, आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.

"बंद! बंद कर! पाखरं आहेत, पाखरं!" रेडिओ नुसता किरकिरत राहिला. समोरच्याचं बोलणं चालू असेल तर आपलं जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण समोरचा बोलतोय की थांबलाय हेच कळत नव्हतं. वळून पाहिलं. ठिपक्याचं आता विमान झालं होतं, पोटाखालची चाकं बाहेर. त्या गोल खिडकीशी पोर बसली असेल, नेहमीसारखी, कपाळ काचेला टेकवून.

रेडिओ टाकून देऊन तो धावला. गवताकडे नाही, पट्टीकडे. पट्टीच्या बरोबर मध्यावर, पांढऱ्या रेघेवर जाऊन तो विमानाकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले, जितके पसरता येतील तितके. अठ्ठावन्न वर्षांचा, वाकलेल्या पाठीचा माणूस, मातीने माखलेला. समोरून विमान वाढत येत होतं, आणि त्याचा आवाज मात्र त्याला स्वच्छ ऐकू येत होता, खोल, भरभरून, तळपायांतून वर चढणारा. डोळे मिटायची अनावर इच्छा झाली. त्याने मिटले नाहीत. आयुष्यभर डोळे मिटून ऐकलं होतं. आज उघडे ठेवायचे होते.

विमानाचं नाक वर झालं. चाकं त्याच्या डोक्यावरून गेली, वाऱ्याच्या झोताने तो उताणा पडला. आणि त्याच गडगडाटाने उजवीकडचं गवत फुटलं. मातीचीच ढेकळं उडावीत तसे, चहूबाजूंना, पंख फडफडत. त्याने पडल्यापडल्या मोजले. सतरा. फडफडाट एवढासुद्धा ऐकू आला नाही. मुक्या नाटकात उडावेत तसे उडाले आणि पट्टीच्या अगदी मध्यावरून, विमानाची चाकं जिथे टेकली असती तिथूनच, पलीकडच्या गवतात जाऊन पडले.

टॉवरवाला जिना उतरून धापा टाकत आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने हुशारला आधी बगलेत धरून उठवलं आणि मग दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं.

"काय दिवे लावलेस रे! काय दिवे लावलेस! तीनदा विचारलं तुला, दिवे लावू की पाखरू लावा? तीनदा! आणि तू 'हो' म्हणतोस! कशाला हो?"

पाठोपाठ बाईसाहेब आल्या. चेहरा पांढरा पडलेला. त्यांच्याकडे बघत टॉवरवाल्याचा सूर एकदम बदलला. "मॅडम, चूक माझी. रेडिओच खराब आहे. मी कधीचं सांगतोय..."

"रेडिओ चांगला आहे," हुशार म्हणाला. "मला ऐकू येत नाही. बारीक आवाज मुळीच नाही. दुर्लाव सांगितलं ते अर्धंच खरं होतं. आणि हे मला काल संध्याकाळीच कळलं होतं, बाईसाहेब. तुम्हाला सांगायला मी घाबरलो."

बाईंनी वाकून जमिनीवरचा रेडिओ उचलला, त्यावरची माती पुसली आणि तो आपल्या खिशात ठेवला. एवढंच. त्या खिशाकडे बघताना हुशारला वाटलं, आपला हातच कुणी काढून नेला.

"ते ठसे दाखवा मला," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे इथे रेडिओवर त्या पाखराचं नाव कुणी घ्यायचं नाही. चारबोट्या म्हणा."

मग पूर्वेचं टोक बंद झालं आणि विमान पश्चिमेकडून उतरलं. हुशार जीपला टेकून, पाठमोरा उभा होता. लेकीकडे तोंड करायची हिंमत नव्हती. पट्टीवर कोण उभं होतं ते तिने वरून पाहिलं असणारच.

ती मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ. त्याला पत्ताच नव्हता. मग जीपच्या टपावर तिने तळहाताने एक थाप मारली. धप्प. ती त्याला पाठीतून कळली आणि तो वळला.

तिचे डोळे लाल होते. दोन बोटं अजून ओलीच होती.

"बाबा, आत्ता तुझ्या कानामागे उभी राहून शीळ घातली मी. दोनदा."

त्याने तिच्या ओल्या बोटांकडे पाहिलं.

"दोन वर्षांपूर्वी पायरीवरून घातली, तू वळला नाहीस. परत घातली, तरी नाही. मला वाटलं, चारचौघांत शीळ घालते म्हणून तुला लाज वाटते. म्हणून सोडली."

"मला वाटलं," तो म्हणाला, "तू मोठी झालीस."

तिने नाक ओढलं, बाहीने पुसलं आणि जीपच्या टपावर आणखी एकदा थाप मारली, या वेळी जरा हळू. त्याने मान हलवली. आलं ऐकू. पलीकडे गवतात ती घुमणारी मादी पुन्हा सुरू झाली होती; ते त्याला छातीत स्वच्छ कळत होतं. बाईसाहेब ठशांपाशी उकिडव्या बसल्या होत्या, कालपासून तिथेच राहिलेल्या चाळणीशेजारी, आणि त्यांना ते घुमणं ऐकू येत असल्याचं काही दिसत नव्हतं.